आपल्यात डुक्कर खात नाहीत, हे आपल्याला कोणी शिकवले?

गेल्या पावसाळ्यात मंगरूळपीरला आमच्या अभ्यासवर्गात विषय होता महाडचा सत्याग्रह. बोलणे संपले, प्रश्न विचारायची वेळ आली, तेव्हा पुण्याहून सुटीवर आलेला एक तरुण उभा राहिला. त्याचा प्रश्न महाडचा नव्हता, निदान तेव्हा आम्हाला तसे वाटले. तो म्हणाला, "कंपनीच्या पार्टीला मोठ्या हॉटेलात गेलो होतो. तिथं गुलाबी रंगाचे पातळ काप ठेवले होते, हॅम म्हणून. साहेब लोक मिटक्या मारत खात होते, मीही खाल्ले. घरी आल्यावर मायला सांगितलं की ते डुकराचं मांस असते, तर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. माझं काय चुकलं?"

वर्ग हसला. आम्हीही हसलो. तेवढ्यात भिंतीला टेकून बसलेली एक आजी म्हणाली, "आपल्यात डुक्कर नाई खात बापा. ते त्यायचं काम." 'त्यायचं' म्हणजे कोणाचे हे तिने सांगितले नाही, आणि सांगायची गरजही नव्हती. वर्गात मातंग समाजाचा एक आणि कैकाडी समाजाचा एक अशी दोन पोरे बसली होती. दोघेही सतरंजीकडे बघू लागले.

त्या दिवशी आम्ही विषय बदलला. तो बदलायला नको होता. हा लेख त्या दोन पोरांना आम्ही देणे लागतो म्हणून लिहिला आहे.

आधी हॅम म्हणजे काय ते पाहू, कारण नाव इंग्रजी असले की आपले लोक दबकतात. हॅम म्हणजे डुकराची मागची तंगडी, मिठात मुरवून टिकवलेली. इटलीतल्या पार्मा भागात ही तंगडी समुद्राच्या मिठाने चोळतात, काही आठवडे थंड जागेत ठेवतात, मग धुऊन वाऱ्यावर टांगतात. वर्षभर, कधी दोन वर्षे ती तशीच टांगलेली असते. तिच्यातले पाणी जाते, वजन साधारण पाव ते तिसरा हिस्सा घटते, मांसातली प्रथिने हळूहळू फुटून चव येते. रोमन लेखक केटो याने इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात आपल्या शेतीवरच्या ग्रंथात तंगडी खारवण्याची कृती लिहून ठेवली आहे. म्हणजे दोन हजार वर्षांहून जुनी शेतकऱ्याची युक्ती: हिवाळ्यात जनावर कापायचे, मिठात घालायचे, वर्षभर खायचे. पुढे युरोपात मिठाबरोबर थोडा सोराही वापरू लागले, ज्या सोऱ्यापासून तोफांची दारू व्हायची तोच. सोऱ्याने मांसाचा गुलाबी रंग टिकतो आणि विषारी जंतू वाढत नाहीत. आजच्या कारखान्यातल्या हॅममध्ये त्याच कामासाठी सोडियम नायट्राइट घालतात. पार्मात मात्र अजून फक्त मीठ.

आता आपल्याकडे या. पातळ लांब पट्ट्या कापायच्या, मीठ लावायचे, दोरीवर किंवा काट्यांच्या फांजरावर उन्हात वाळवायच्या, कडक झाल्या की मडक्यात भरून ठेवायच्या. पावसाळ्यात मजुरी नसते तेव्हा एक मूठ काढायची, विस्तवावर भाजायची किंवा डाळीत, अंबाडीच्या भाजीत टाकायची. मराठवाड्यात याला चान्या म्हणतात. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' या २०१५ सालच्या पुस्तकात महार आणि मांग समाजाच्या अशा पदार्थांची नोंद केली, आणि २०२४ साली त्याचे इंग्रजी भाषांतर झाल्यावर इंग्रजी वृत्तपत्रांना अचानक शोध लागला की असेही काही खाल्ले जाते. त्याआधी २००९ साली पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्राने शर्मिला रेगे यांच्या पुढाकाराने दलित अन्नाच्या आठवणी गोळा केल्या होत्या. 'भारतीय ताट' म्हणून जे दाखवले जाते त्यात आमचे ताट का नाही, असा त्यांचा थेट प्रश्न होता.

पार्माची तंगडी आणि आमच्या चान्या, कृती एकच. मीठ, वारा, वेळ. एकीला सरकारी शिक्का, तिच्या नावाला कायद्याचे संरक्षण, विमानाने येऊन मुंबईच्या हॉटेलात काचेमागे मानाची जागा. दुसरी वाळत घातलेली दिसली की गावातले लोक नाक धरून रस्ता बदलत. फरक मांसात नाही, ते कोणाच्या अंगणात टांगले आहे त्यात आहे.

तरीही इथे आपण थांबले पाहिजे. 'त्यांचे ते भारी, मग आमचेही भारी' एवढेच म्हणून भागत नाही. चान्या कशाच्या होत्या? बहुतेक वेळा गावात मेलेल्या गुरांच्या.

मंगरूळपीर हा वऱ्हाडचा मुलूख. १८५३ साली निजामाने इंग्रजांच्या हवाली केलेला. जुना बाशीम जिल्हा होता तेव्हा मंगरूळ त्यातला तालुका. १९०५ साली बाशीम जिल्हा मोडून हा तालुका अकोल्याला जोडला, आणि १ जुलै १९९८ ला वाशीम पुन्हा जिल्हा झाला. राज्ये बदलली, जिल्हे बदलले, पण गावाच्या वेशीबाहेरची व्यवस्था तीच राहिली. गुरू मेले की महाराला हाक जायची. त्याने ते ओढून न्यायचे, सोलायचे, आणि मांस हा त्याचा 'हक्क'. बिदरच्या बादशहाने महारांना बावन्न हक्क दिले अशी परंपरेने सांगितली जाणारी गोष्ट आहे, त्यात मेलेल्या गुरावरचा हक्कही मोजतात. हक्क हा शब्द किती उलटा वापरता येतो बघा. जे घ्यायला दुसरा कोणी तयार नाही आणि नाकारले तर गाव मारायला उठते, त्याला हक्क म्हणायचे.

बुळकांडीची साथ आली की गोठेच्या गोठे रिकामे व्हायचे. १८९९-१९०० च्या दुष्काळात, ज्याला जुने लोक छप्पनचा काळ म्हणत, वऱ्हाडात चाऱ्यावाचून गुरे मेली आणि माणसेही मेली. त्या वर्षी ज्यांच्या मडक्यात चान्या होत्या त्यांनी त्यावर दिवस काढले असतील, यात नवल नाही. आमच्या आज्या-पणज्यांनी त्या मांसावर पोरे जगवली. त्याबद्दल त्यांना कोणी हिणवू नये, आम्ही तर मुळीच नाही. पण काळपुळीने मेलेले जनावर सोलताना आणि खाताना किती माणसे दगावली असतील, त्याचा हिशेब कोणी ठेवला नाही, हेही तितकेच खरे.

म्हणून १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडला भरलेल्या कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेत बाबासाहेबांनी जे सांगितले ते नीट वाचले पाहिजे. मेलेले ढोर ओढू नका, मेलेल्या ढोराचे मांस खाऊ नका. चवदार तळ्याचे पाणी आपण लक्षात ठेवले, आणि ते ठेवलेच पाहिजे. पण त्याच परिषदेतला हा दुसरा आदेश गावोगावच्या लोकांना जास्त महागात पडला. ढोर ओढायचे नाकारले म्हणून बहिष्कार पडले, मजुरी बंद झाली, किराणा बंद झाला.

तेव्हा सवर्णांनी काय केले? हिशेब मांडला. गावात वर्षाला इतकी गुरे मरतात, कातडे इतक्याचे, शिंगे-हाडे इतक्याची, मांस इतक्याचे, आणि महार पुढाऱ्यांच्या नादी लागून हा फायदा बुडवतात, असा मजकूर 'केसरी'त आला होता. नागपूरला दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबर १९५६ ला केलेल्या भाषणात बाबासाहेबांनी हा किस्सा स्वतः सांगितला. त्यांचे उत्तर असे होते की एवढा फायदा आहे तर तुम्हीच ढोरे ओढा आणि तो फायदा तुम्हीच घ्या, वर मी माझ्या पदरचे पैसे देतो. फायद्याचा हिशेब मांडणारा एकही पुढे आला नाही.

आता यात बारकाईने बघा. बाबासाहेब मांसाच्या विरोधात बोलत होते का? नाही. ते गुलामीच्या अटीविरुद्ध बोलत होते. मेलेले, फुकट दिलेले, ओढण्याच्या बदल्यात मिळालेले, नाही म्हणायची सोय नसलेले मांस. यातला प्रत्येक शब्द महत्त्वाचा आहे आणि 'मांस' हा सगळ्यात कमी महत्त्वाचा. १९४८ साली 'द अनटचेबल्स' लिहिताना त्यांनी उलट दाखवून दिले की एकेकाळी ब्राह्मणही गोमांस खात होते, त्यांनी ते बौद्धांवर मात करण्यासाठी सोडले, आणि ज्यांनी सोडले नाही त्या वाताहत झालेल्या, बौद्ध असलेल्या लोकांवर अस्पृश्यता लादली गेली. म्हणजे आमच्या ताटावरून आमची जात ठरवण्यात आली. अस्पृश्य कोण हे ओळखायला १९१० साली जनगणनेच्या अधिकाऱ्यांनी ज्या कसोट्या लावल्या, त्यातही 'गोमांस खातात काय' ही एक होती.

मग डुक्कर कुठून आले? महाडच्या आदेशात डुक्कर नाही. आमच्या बहुतेक घरांत मात्र ते आधीपासून वर्ज्य होते, आणि मोठ्या अभिमानाने. मेलेले ढोर खाण्याची वेळ ज्यांच्यावर आणली गेली, तेच लोक म्हणत होते की आम्ही डुक्कर खाणाऱ्यांपेक्षा वरचे. बाबासाहेबांनी याला श्रेणीबद्ध विषमता असे नाव दिले आहे. वरून लाथ बसते, आणि खाली कोणीतरी आहे एवढ्या समाधानावर माणूस ती सहन करतो. ही विषमता फक्त ब्राह्मणाच्या घरात नसते. ती आमच्या चुलीजवळ बसलेली होती, आणि आजीच्या तोंडून त्या दिवशी तीच बोलली. आजीचा दोष नाही. दोष विषय बदलणाऱ्या आमचा.

डुकराबद्दलची ही घृणा कुठून आली ते शोधायला फार लांब जावे लागत नाही. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात गावडुक्कर, गावकोंबडा, लसूण, कांदा, भूछत्र जाणूनबुजून खाणारा द्विज पतित होतो असे सांगितले आहे. त्याच मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात श्राद्धात वराहाचे आणि रेड्याचे मांस दिले तर पितर दहा महिने तृप्त राहतात असेही आहे. म्हणजे रानातले डुक्कर पितरांना चालते, राजाने शिकार केली तर शौर्य ठरते, देवाने रूप घेतले तर अवतार होतो. गावातले डुक्कर तेवढे पाप. जनावर एकच. पण गावडुक्कर गावाच्या घाणीवर जगते, आणि गावाची घाण काढायला ज्या जाती नेमल्या त्यांच्याच दाराशी ते दिसते. घृणा जनावराची नाही, त्या दाराची आहे. आणि ती घृणा आपण उसनी घेऊन मातंगांना, कैकाड्यांना, वडारांना, मेहतरांना परत विकली.

इथे कोणी म्हणेल, मुसलमानही डुक्कर खात नाहीत. मंगरूळपीर तर दादा हयात कलंदरांच्या दर्ग्याचे गाव. नावातच पीर आहे. बरोबर. कोणाच्या धर्माने काय खाऊ नये हे त्याचे त्याने ठरवावे, आमचे त्यावर काही म्हणणे नाही. ते आपल्या श्रद्धेने खात नाहीत, कोणाला खालचे ठरवण्यासाठी नाही. खाण्यावर सक्ती दोन्ही बाजूंनी होते, हेही इतिहासात आहे. स्पेन आणि पोर्तुगालमध्ये बाटवलेल्या ज्यू आणि मुसलमान लोकांची खरी निष्ठा तपासायला ते डुक्कर खातात की नाही हे शेजारी बघत आणि धर्मन्यायालयाला कळवत. तेच धर्मन्यायालय गोव्यात १५६० ते १८१२ पर्यंत बसले होते. आज गोव्याच्या ख्रिस्ती घरात मीठ, मिरची, लसूण आणि व्हिनेगर लावून वाळवलेले चोरीस पावसाळ्यासाठी टांगलेले दिसते, आणि पर्यटक ते हौसेने विकत घेतात. त्याच टांगणीमागे हा इतिहासही आहे.

आणि आपल्या धम्मात काय? तथागतांचे शेवटचे भोजन चुंद नावाच्या लोहाराच्या घरी झाले. महापरिनिब्बाण सुत्तात त्या पदार्थाचे नाव सूकरमद्दव असे आहे. त्याचा अर्थ काय यावर जुन्या काळापासून वाद आहेत. कोणी डुकराचे मऊ मांस म्हणतो, कोणी भूछत्र, कोणी आणखी काही. बुद्धघोषाच्या अट्ठकथेत फार कोवळ्या नाही आणि फार जून नाही अशा डुकराचे, आधीच तयार असलेले मांस असा अर्थ दिला आहे. गोव्यात जन्मलेल्या धर्मानंद कोसंबींनी 'भगवान बुद्ध' या मराठी ग्रंथात हे सगळे उघड मांडले, बौद्ध आणि जैन श्रमणांच्या मांसाहाराबद्दलही लिहिले, आणि त्यावरून त्यांच्यावर मोठा गहजब झाला. ते मागे हटले नाहीत. पाली वाचणारा माणूस खोटे कसे बोलणार?

आमचे काही उपासक हल्ली सांगतात की पंचशीलातल्या पहिल्या शीलामुळे बौद्धाने शाकाहारीच असले पाहिजे. त्यांनी देवदत्ताची गोष्ट आठवावी. भिक्खूंना मासे आणि मांस पूर्ण वर्ज्य करा, अशी मागणी देवदत्ताने केली होती, आणि बुद्धांनी ती नाकारली. आपल्यासाठी मारलेले पाहिले नाही, ऐकले नाही, तशी शंका नाही, असे मांस भिक्खूला चालते असे त्यांनी सांगितले. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये बाबासाहेबांनीही मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे. ज्याला शाकाहारी राहायचे त्याने आनंदाने राहावे. पण चुंद लोहाराच्या ताटातले काय ते आम्हाला माहीत नाही असे दाखवून नव्हे.

आता पोषणाचे. अभिमान आणि घृणा बाजूला ठेवून नुसते मांस तराजूत घालू.

डुकराच्या चरबी काढलेल्या शंभर ग्रॅम कच्च्या मांसात सुमारे २१ ग्रॅम प्रथिने असतात, कोंबडीच्या जवळपास तेवढीच. तुरीच्या कोरड्या डाळीतही २२ च्या आसपास असतात, पण डाळ शिजून पाणी शोषते आणि वाटीभर पातळ वरणात सहा-सात ग्रॅमच पोटात जातात. दुसरे म्हणजे आपले मुख्य अन्न ज्वारीची भाकर. ज्वारीत लायसिन नावाचे एक आवश्यक अमिनो आम्ल फार कमी असते. डाळीत ते असते, म्हणून भाकर आणि वरण ही जोडी शहाणपणाची आहे. मांसात ते भरपूर असते. मजुराच्या घरी जिथे डाळही पातळ, तिथे आठवड्यातून एकदा मांस पडले तरी भाकरीतली उणीव बरीच भरून निघते.

डुकराच्या मांसाचे खास वैशिष्ट्य म्हणजे थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व. शंभर ग्रॅम मांसात ०.७ मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे माणसाच्या रोजच्या गरजेच्या निम्मे. गोमांसात ते ०.१ च्या आसपासच असते. नेहमीच्या खाण्यातल्या मांसांत याबाबत डुकराला जोड नाही. पण उगाच डंका पिटण्यात अर्थ नाही. शिजवताना त्यातले काही जाते, आणि ज्वारी खाणाऱ्याला थायमिन ज्वारीतूनही मिळते. वऱ्हाडातली खरी उणीव थायमिनची नाही. ती आहे लोहाची आणि बी-१२ ची. बी-१२ भाजीपाल्यात नसतेच. ते मांस, मासे, अंडी आणि दुधातून येते. लोह डुकराच्या नुसत्या मांसात शंभर ग्रॅमला १ मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे फार नाही. पण काळजात, म्हणजे लिव्हरमध्ये, १५ मिलिग्रॅमहून जास्त असते. मांसातले लोह शरीर डाळी-पालेभाजीतल्या लोहापेक्षा जास्त सहज शोषते. आणि काळीज, वजडी, रक्ती हे सगळे कोण खात होते? ज्यांना चांगला तुकडा मिळत नव्हता ते. पोषणाच्या दृष्टीने त्यांच्या वाट्याला आलेला भाग कमी प्रतीचा नव्हता, हे आज प्रयोगशाळा सांगते. तो भाग कमी प्रतीचा असल्याचे समाजाने सांगितले होते.

चरबीबद्दल जी भीती आहे ती कोणता भाग घेतला यावर ठरते. पाठीच्या मांसात चरबी सहा-सात ग्रॅम, पोटाच्या भागात शंभराला पन्नासहून जास्त. डुक्कर म्हणजे चरबी असे एका दमात म्हणणारे बोकडाच्या मटणावरचा तवंग विसरतात.

आता हॅम. पाणी गेल्यामुळे त्यात प्रथिने वाढतात, शंभर ग्रॅमला २५ ते ३० ग्रॅम. पण मीठही तेवढ्याच वजनात पाच ग्रॅमच्या आसपास असते. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते. म्हणजे शंभर ग्रॅम हॅममध्ये दिवसाचा सगळा कोटा संपला. त्याच संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ऑक्टोबर २०१५ मध्ये खारवलेले, धुरावलेले, रसायन लावून टिकवलेले मांस कर्करोगाला कारण ठरते असे जाहीर केले. रोज ५० ग्रॅम असे मांस खाल्ले तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो, असा त्यांचा हिशेब आहे. म्हणून त्या पुण्याच्या तरुणाला आमचे उत्तर: तू काही चुकला नाहीस, पण तो काप रोज खाण्यासारखा नाही. तो तुझ्या आईच्या रागासाठी नव्हे, तर मिठासाठी. ताजे मांस शिजवून खाणे केव्हाही बरे. हेच मीठ लावून वाळवलेल्या चान्यांनाही लागू आहे, आणि बोंबलालाही. आपली वस्तू म्हणून तिला माफी नाही.

एक धोका मात्र डुकराच्या बाबतीत खरा आहे आणि तो लपवणे म्हणजे लोकांशी बेइमानी. गटारात आणि उघड्यावरच्या घाणीत चरणाऱ्या डुकराच्या मांसात फितकृमीच्या अळ्या असू शकतात. अर्धेकच्चे मांस खाल्ले तर पोटात फितकृमी होतो. त्या माणसाच्या विष्ठेतून अंडी पाण्यात, भाजीवर जातात, आणि ती ज्याच्या पोटात जातील, मग तो शाकाहारी का असेना, त्याच्या मेंदूत गाठी होऊन फिट येऊ शकतात. उपाय माहीत असलेले आहेत. डुक्कर बांधून, दाणा घालून पाळलेले असावे. मांस आतपर्यंत गुलाबीपणा जाईपर्यंत शिजवावे. हात धुवावेत. संडास असावेत. थोडक्यात, दोष डुकराचा कमी आणि ज्या नगर परिषदांनी आपल्या वस्त्यांत गटारे बांधली नाहीत त्यांचा जास्त.

हे सगळे का सांगायचे? कारण रक्तच कमी आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बाया आणि पाच वर्षांखालची ६८.९ टक्के मुले रक्तक्षयी निघाली. विदर्भात त्यात सिकलसेलची भर आहे, म्हणून नुसत्या गोळ्या गिळून न थांबता आपल्या पोरांची ती तपासणीही करून घ्या. आणि अशा राज्यात सरकार काय करते? मार्च २०१५ पासून बैल आणि गोऱ्ह्याची कत्तल बंद केली. गरिबाला परवडणारे मांस कायद्याने ताटातून काढले. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बाहेरच्या राज्यातले मांस जवळ ठेवण्यावरची बंदी तेवढी रद्द केली, कत्तलबंदी कायम राहिली. २०२३ च्या अखेरीस शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एक अंडे द्यायचे ठरले, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी बंद केला. ज्या शाळेला अंडे द्यायचे तिने लोकवर्गणी करावी म्हणे. वर्गणी कोणी द्यायची, ज्यांच्या पोराला घरी अंडे मिळत नाही त्यांनी?

बैल गेला, अंडे गेले. डुकरावर कायद्याची बंदी नाही. ती आपणच आपल्यावर घातली आहे. कोणी खावे असा आग्रह नाही. ज्याला आवडत नाही, ज्याचा धर्म सांगतो, ज्याला नुसते नको वाटते, त्याने खाऊ नये. पण 'आपल्यात' खात नाहीत, यातला 'आपल्यात' कोण आहे ते तपासा. बौद्ध झाल्यावरही आपल्यात म्हणजे जुनी महार वस्तीच असेल, तर १९५६ ला नागपुरात नेमके सोडले काय?

त्या वर्गानंतर आम्ही कैकाडी समाजाच्या त्या पोराच्या घरी गेलो. त्याच्या बापाने खाट टाकली, चहा ठेवला, आणि कप देताना क्षणभर थांबून आमच्याकडे बघितले. आम्ही घेतला. त्या थांबण्याची शरम अजून जात नाही, कारण ते थांबणे त्याला आमच्याच लोकांनी शिकवले आहे. पुढचा अभ्यासवर्ग त्याच घरी ठरला आहे, विषय श्रेणीबद्ध विषमता. त्याच्या आईने विचारले, जेवायला काय करू? आम्ही म्हणालो, तुमच्याकडे पाहुण्याला जे करता तेच. ती हसली आणि म्हणाली, खाल नं मग? आजीलाही निरोप दिला आहे. "येतो तर खरं, जेवाचं पाहू," असे ती म्हणाली आहे.